दोन बटाटे, फेटून

आईच्या वहीत डोनटची कृती ४८व्या पानावर आहे. वही कसली, रेल्वेचा शिक्का असलेलं लांबट रजिस्टर. बाबा मिरज स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते, तिथून ते कधीतरी घरी आलं. पहिल्या चार पानांवर कुणा अनोळखी हातानं लिहिलेले पार्सलांचे आकडे आहेत आणि पाचव्या पानावर एकदम खमण ढोकळा सुरू होतो. ४७वर उपासाचं लिंबाचं लोणचं. ४९वं पान कोरं. आणि मध्ये हे:

‘डोनट (मिशनचे). मैदा ४ वाट्या, मावेल तसा. साखर १ वाटी, कुटून. बटाटे २, फेटून. दूध पाऊण वाटी. डालडा २ चमचे, पातळ करून. बे. पा. ३ लहान चमचे. मीठ चिमूट. जायफळ पाव. पेल्याने कापणे. मंद तळणे.’

बस. खाली एक रेघ. आईच्या सगळ्याच कृती अशा तार केल्यासारख्या आहेत, शब्दागणिक पैसे पडत असावेत अशा. १९९२ साली, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, मी त्यातल्या तीसेक कृती माझ्या वहीत उतरवून घेतल्या. डोनट त्यात होतेच. त्यानंतर पुण्यात माझ्या घरी मी ते अठ्ठावीस वर्षं केले. मुलांच्या वाढदिवसांना केले, सोसायटीच्या गणपतीत केले, एकदा तर दिवाळीच्या फराळात ठेवले. आणि या अठ्ठावीस वर्षांत त्या कृतीतला एक शब्द मी चुकीचा वाचत होते.

तो कुठला, हे सांगायच्या आधी मिरजेला जायला हवं.

मिरज जंक्शन तेव्हा तिन्ही मापांच्या रुळांचं होतं. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरकडे अडीच फुटांची नॅरोगेज. ती मुळात बार्शी लाईट रेल्वे कंपनीची. कंपनी सरकारनं केव्हाच घेतली होती, तरी आमच्याकडे सगळे तिला ‘बार्शी लाईट’च म्हणत. खेळण्यातली वाटावी अशी गाडी. आरग, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला करत ती पंढरपूरला पोचायची तेव्हा दिवस गेलेला असायचा. आषाढी जवळ आली की या गाडीला डब्यांच्या टपापर्यंत माणसं.

आजी या गाडीनं दर आषाढीला जायची. बाबांच्या पासावर. पंढरपुरात तिच्या माहेरच्या नात्यातलं एक घर होतं, तिथे ती एकादशीच्या आधी चार-पाच दिवस जाऊन राहायची आणि पौर्णिमेचा गोपाळकाला करून परतायची. म्हणजे वर्षातले साधारण दहा-बारा दिवस आमचं घर आजीशिवाय असे. तिच्याबरोबर फडक्यात बांधलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाल भोपळ्याचे घारगे असत. घारगे ती स्वतः करायची, पहाटे उठून, सोवळ्यात. आम्हाला त्यातला एकेक मिळायचा, तोही गाडी सुटताना खिडकीतून.

आजी वाईट नव्हती. हे आधी सांगते, कारण पुढे जे येणार आहे त्यात ती वाईट वाटू शकते. ती तिशीच्या आत विधवा झाली, दोन मुलं वाढवली, आणि तिच्या हातात आयुष्यभर जी एक सत्ता राहिली ती स्वयंपाकघराची. कांदा कधी आत येईल, विटाळ कुठे सुरू होतो, लोणच्याच्या बरणीला कुणी हात लावायचा, हे सगळं ती ठरवायची. अंडं हा शब्दसुद्धा आमच्या घरात उच्चारला जात नव्हता.

आमच्या मागच्या दाराला लागून एक बैठी खोली होती. तिथे सिस्टरमावशी राहायच्या. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी सुरू केलेलं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं हॉस्पिटल आहे. गावात त्याला कुणी ‘वॉन्लेस’ म्हणतं, कुणी नुसतं ‘मिशन’. तिथे त्या नर्स होत्या, नर्सिंगही तिथेच शिकलेल्या. शिकत असताना नाताळात परदेशी सिस्टर हॉस्टेलच्या मुलींना डोनट करून घालायच्या, आणि मुलींना कापायला, तळायला बसवायच्या. सिस्टरमावशी तिथे शिकल्या. त्यांच्या घरी नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या असं आपल्यासारखंच सगळं असायचं, फक्त एका ताटात हे गोल भोकाचे.

त्या आईला ‘वहिनी’ म्हणत आणि आई त्यांना ‘सिस्टर’. आजीला दम्याचा त्रास होता. सिस्टरमावशीच्या हातचं इंजेक्शन तिला चालायचं. त्यांच्या हातचं पाणी चालायचं नाही. इंजेक्शन झालं की आजी आंघोळीला जायची, आणि सिस्टरमावशी सुई उकळायचं भांडं आवरून, काही झालंच नाही अशा, मागच्या दारानं निघून जायच्या. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण तसं होतं, आणि आम्हा मुलांना त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, ही त्याहून वाईट गोष्ट.

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, म्हणून आदल्या दोन दिवसांत काय ते खाऊन घ्यायचं. त्या संध्याकाळी घरोघर कांदाभजी तळली जात आणि गल्लीभर तळणीचा एकच वास सुटलेला असे. आईनं डोनटसाठी हा मुहूर्त काढला होता तो उगाच नाही. त्या वासात आमच्या मागच्या पडवीतून काय वेगळं तळलं जातंय, हे शेजारच्या खाष्ट काकूंनाही ओळखता आलं नसतं.

होय, पडवीत. स्वयंपाकघरात नाही. पत्र्याच्या पडवीत वातीचा स्टोव्ह मांडलेला असे, बाहेर पाऊस, पत्र्यावर त्याचा एवढा आवाज की मोठ्यानं बोलावं लागे. परात सिस्टरमावशींची, कढई त्यांची, झारा त्यांचा. आमच्याकडून मैदा, साखर आणि डालड्याचा डबा. साखर रेशनची, जाड, ती खलबत्त्यात कुटायचं काम माझं. आणि सिस्टरमावशी त्यांच्या खोलीतून पितळेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात काहीतरी पिवळं, फेसाळ घेऊन येत.

“हे काय आहे?” असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. माझा भाऊ पाचचा.

“बटाटे आहेत,” आई म्हणाली. “फेटून आणलेत मावशींनी.”

मला त्यात शंका घेण्यासारखं काहीच वाटलं नाही. मोठी माणसं काय काय करतात.

मग ते पिवळं, साखर, पातळ केलेला डालडा आणि दूध एकत्र घोटून त्यात मैदा जायचा. ‘मावेल तसा’. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला जरा चिकटणारं. ते सैल राहायला हवं, नाहीतर डोनट वातड होतात, असं सिस्टरमावशी दरवर्षी सांगायच्या आणि आई दरवर्षी घाबरून मूठभर मैदा जास्त टाकायची. परातीत जाडसर थापून पेल्यानं गोल कापायचे आणि मध्ये खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणानं भोक. झाकण धुतलेलं असलं तरी पहिल्या चार-पाच डोनटांना त्याचा एक कडसर वास असायचा, असं मला अजून वाटतं. भाऊ म्हणतो, तुझी कल्पना.

मधून निघालेल्या गोळ्या आधी तळायच्या, कारण त्यावरून तेल कळतं. त्या आम्हा पोरांच्या. आम्ही त्यांना ‘भोकं’ म्हणायचो. “आई, मला अजून दोन भोकं दे.” हे वाक्य आमच्या घरात इतकं सरळ होतं की पुढे कॉलेजात मी ते एकदा मैत्रिणीकडे बोलून बसले आणि सगळ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या.

भोक का, हे मात्र कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मेदूवडा खाणाऱ्याला ते ठाऊकच असतं. जाड गोळा तेलात सोडला की बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. मधलं काढून टाकलं की प्रश्नच मिटला. अमेरिकेत मात्र याचं श्रेय एका माणसाला देतात. मेन राज्यातला हॅन्सन ग्रेगरी नावाचा खलाशी. १८४७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, जहाजावर डोनटचा कच्चा मधला भाग आपणच पहिल्यांदा कापून काढला, असा त्याचा म्हातारपणी दावा होता. कशानं कापला? मिरपुडीच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणानं. हे वाचलं तेव्हा मला आमची औषधाची बाटली आठवली आणि त्या माणसाबद्दल एकदम घरोबा वाटला. त्याच्या आधी कुणी भोक पाडलंच नसेल, यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण झाकणावर आहे.

आणि जायफळ. खरं म्हणजे या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आठवतं ते जायफळच. सिस्टरमावशी ते सहाणेवर उगाळायच्या नाहीत, बारीक किसणीवर किसायच्या, थेट पिठात. पुढे कळलं की जुन्या पद्धतीच्या अमेरिकन घरगुती डोनटमध्ये जायफळ असतंच, ती त्यांची ओळखच आहे. आमच्या नाकाला मात्र जायफळ म्हणजे पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी. म्हणजे सणाचा, देवाच्या नैवेद्याचा वास. सातासमुद्रापलीकडची वस्तू, मिशनच्या हॉस्टेलातून आलेली, लपवून पडवीत तळलेली, आणि वास घेतला की वाटे घरात काहीतरी शुभकार्य आहे. आईनं तो पदार्थ इतक्या पटकन आपला का केला, याचं उत्तर माझ्या मते त्या पाव जायफळात आहे.

बाबा ड्यूटीवरून येऊन पडवीच्या उंबऱ्यावर बसायचे आणि पिठीसाखरेत घोळवलेले सहा-सात डोनट न बोलता खायचे. आजी गाडीत बसली की त्यांचा चेहराच बदलायचा. मातृभक्त माणूस, पण खाण्याच्या बाबतीत पूर्ण बेइमान.

आजी परतायची ती चुरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू घेऊन. त्या आधी आईनं पडवी शेणानं सारवलेली असायची. आम्हाला तंबी असायची की डोनट हा शब्द तोंडातून काढायचा नाही. का, ते सांगितलेलं नसायचं. मला वाटायचं, बाजारू मैद्याचं आहे म्हणून.

१९८२ नंतर अंडी खा म्हणून जोरात प्रचार सुरू झाला. पुण्यात त्या वर्षी अंडी उत्पादकांची समन्वय समिती स्थापन झाली आणि काही दिवसांनी दूरदर्शनवर, रविवार असो की सोमवार रोज अंडी खा, अशी जाहिरात यायला लागली. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी होता. आजी तिथे ‘रामायण’ बघायला जायची. एकदा मध्ये ही जाहिरात लागली तेव्हा तिनं पदर नाकाला लावल्याचं मला स्वच्छ आठवतं. वास येत असल्यासारखा.

१९९१ साली आजी गेली. १९९२मध्ये माझं लग्न.

पुण्यात आल्यावर पहिल्यांदा डोनट करायला घेतले तेव्हा वहीत लिहिल्याप्रमाणे दोन लहान बटाटे उकडले, सोलले, दुधात घालून रवीनं घुसळले. ‘फेटून’ म्हणजे हेच, अशी माझी समजूत. उकडून असं लिहिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण आई ‘तिखट’ लिहायची आणि किती ते लिहायची नाही, ‘शिजवणे’ लिहायची आणि काय ते लिहायची नाही. बटाटा कच्चा कोण घालतं? उकडायचा हे अध्याहृत.

पहिल्या खेपेला फजिती झाली. पीठ जितकं मळावं तितकं चिकट होत गेलं, मग मी मैदा घालत गेले, आणि शेवटी हातात आले ते मैद्याचे टायर. नवऱ्यानं दोन खाल्ले आणि तिसऱ्याला “पोट भरलं” म्हणाला. हळूहळू समजलं की बटाटा गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचा, दुधात पूर्ण गार करायचा आणि मैदा घातल्यावर हात लावायचा तो जेमतेम. बटाट्यातला स्टार्च जास्त मळला की खळीसारखा होतो. तेवढं सांभाळलं तर त्याचा फायदाही आहे. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे डोनट दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दुकानातले यीस्टचे डोनट संध्याकाळपर्यंत कापसासारखे सुकतात, माझे दुसऱ्या दिवशी डब्यात मुलाच्या मित्रांनी पळवले आहेत. पाच-सहा वर्षांत माझा हात बसला. नातेवाइकांत ‘मिशनचे डोनट’ म्हणजे माझे, असं झालं.

मी स्वतःच्या अकलेनं काही शोधलं, असंही नाही. १९४०च्या सुमारास अमेरिकेत यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत पेल्टन बंधूंनी बटाट्याच्या डोनटचा धंदा काढला आणि त्याला ‘स्पडनट’ असं नाव दिलं. स्पड म्हणजे बटाटा. त्याची दुकानं तिकडे गावोगावी निघाली. हे मला कळलं तेव्हा मी आनंदानं ठरवूनच टाकलं की मिशनच्या सिस्टर नक्की अशाच कुठल्यातरी बटाट्याच्या गावच्या असणार. किती पक्कं बसलं ते! पुरावा हवा असला की सापडतोच.

आई वर्षातून एकदोनदा पुण्याला यायची. माझे डोनट खायची. एकदा, मुलगी पहिलीत असेल, आईनं एक तोडून आत बघितला आणि हळूच विचारलं, “बटाटे घालतेस ना गं?”

“घालते की. दोन.”

“सासूबाई काही म्हणत नाहीत?”

“त्या कशाला काय म्हणतील? त्यांना आवडतात.”

आईनं माझ्याकडे असं काही कौतुकानं पाहिलं आणि एक डोळा इतका नकळत मिचकावला, की मला वाटलं तिच्या डोळ्यात साखर गेली.

२०२०च्या एप्रिलमध्ये सगळं बंद होतं. मुलगी घरून काम करत होती आणि त्या दिवसांत सगळ्यांनाच जे झालं होतं ते तिलाही झालं होतं. ती दर दोन दिवसांनी काहीतरी भाजत-तळत होती. बाजारात यीस्ट मिळेना, म्हणून बिनयीस्टचं काय करता येईल असं शोधताना तिनं आजीच्या मूळ वहीचा फोटो मागवला. भावानं मिरजेहून पाठवला. मुलगी माझ्यासारखी नाही, ती वजनकाट्यावर मोजते. तिनं सरळ व्हिडिओ कॉल लावला.

“आजी, बटाटे दोन म्हणजे किती ग्रॅम? आणि उकडून किसायचे की फेटायचे? बटाटे फेटतात कसे?”

पलीकडे आई, तेव्हा एकोणऐंशीची. चष्मा वर सारून ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग हसायला लागली. ती हसताना खोकायला लागली, भावजय पाणी घेऊन आली. आईनं तिला हातानंच बाहेर जा म्हणून खूण केली. मग तिनं मागे वळून बघितलं, फोन तोंडाजवळ आणला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “अगं, अंडी.”

आजी जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. घरातलं देवघर वरच्या मजल्यावर गेलं होतं. माझा भाचा त्याच स्वयंपाकघरात रोज सकाळी तीन अंड्यांचं ऑम्लेट करून खात होता. आणि आई तो शब्द कुजबुजली.

मग सगळं बाहेर आलं. अंडी सिस्टरमावशी त्यांच्या खोलीत फोडायच्या, फेटायच्या आणि झाकणाच्या डब्यात आणायच्या, म्हणजे टरफल आमच्या हद्दीत येऊ नये. पोरं कुठेतरी बोलून जातील म्हणून पोरांना बटाटे सांगायचं. आजीला वाचता येत नव्हतं, पण सांगलीची आत्या आली की आईची वही चाळायची, काही वेळा आजीला वाचूनही दाखवायची. म्हणून वहीतही बटाटे. आणि माझ्या पुण्याच्या घरी तिनं विचारलं होतं तेव्हा तिला वाटलं होतं, पोरगी बेरकी निघाली, शब्द तोच ठेवलाय आणि सासूला पत्ता नाही. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर रविवारी उकडलेली अंडी खाल्ली, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्यासमोर त्या खात नसत. व्याही काय म्हणतील!

“म्हणजे पणजीआजीला इतकी वर्षं फसवलंस तू?” मुलगी म्हणाली. तिला फार मजा वाटत होती.

आईचं हसू थांबलं. ती म्हणाली, “फसवलं गं. पण बाटवलं नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझी परात नाही, माझी कढई नाही, माझं स्वयंपाकघर नाही. उरलेलं तेल सिस्टर घेऊन जायच्या. पडवी सारवायची. आईनं स्वतःचा एक नियम केला होता आणि तो तिनं कुणी बघत नसताना पाळला. सासूच्या श्रद्धेवर तिची स्वतःची श्रद्धा नसेल, पण तिला हात लावायचा नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. मला आई त्या क्षणी फार मोठी वाटली. आणि लगेच दुसरी गोष्ट टोचली. बाटायचं ते कुणाच्या भांड्यानं? जी बाई आपली अंडी, आपली कढई, आपली सुट्टी घेऊन आमच्या पडवीत येत होती, तिच्या. मी तसं विचारलं.

“तिला कळत नव्हतं होय?” आई म्हणाली. “तीच पहिल्या वर्षी म्हणाली, वहिनी, तुमची कढई नको, उगाच तुम्हाला त्रास. माझी आणते.”

सिस्टरमावशी पुढे निवृत्त होऊन त्यांच्या भावाकडे गेल्या. आईकडे त्यांची नाताळची कार्डं आहेत, शेवटचं १९९८चं. त्यानंतर नाही. त्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या होत्या का, हे आईला आठवेना. आजीच्या इंजेक्शनला यायच्या तेवढंच.

मुलीला एक शंका सोडवत नव्हती. पणजीआजीला हे खरंच कधी कळलं नसेल? तिला कळलं होतं पण ती गप्प राहिली, असं असेल का? मला दिसत होतं की तिला उत्तर ‘हो’ हवं होतं. नाटकात तसंच झालं असतं, तिसऱ्या अंकात म्हातारी एक डोनट उचलून खाते आणि पडदा पडतो. आई म्हणाली, “छे गं. कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. मला माहेरी पाठवलं असतं.” आणि मला माझी आजी ज्या प्रकारे आठवते, त्यावरून आईचंच खरं.

त्या आठवड्यात आम्ही दोन्ही करून पाहिले. एका परातीत दोन अंडी, दुसऱ्या परातीत माझे दोन बटाटे, बाकी सगळं समान, जायफळसुद्धा तोलून. तेल सारखं राहावं म्हणून मुलगी थर्मामीटर धरून बसली होती, १७५च्या वर चढलं की ओरडायची. अंड्याचा डोनट तेलात पडला की लगेच फुगून वर येतो, कडेला तडकतो आणि त्या तडकलेल्या भागाला एक खमंग, कुरकुरीत धार येते. आतून केकसारखा, मोकळा. बटाट्याचा जरा आळशी, उशिरा वर येतो, रंगही फिका. पण आत लोण्यासारखा. अंड्याचा पहिला घास घेतला आणि मी सरळ पत्र्याच्या पडवीत जाऊन बसले. तीच धार, दाताखाली तीच. बटाट्याचे इतकी वर्षं केले तेव्हा काहीतरी राहतंय असं वाटायचं आणि मी ते पावसावर, वयावर, मिरजेच्या पाण्यावर ढकलायचे. अंडं राहत होतं.

मुलांचं मत विचाराल तर दोघांनाही बटाट्याचेच आवडले. मुलगा तर म्हणाला, “हे दुसरे ठीक आहेत. पण मिशनचे ते हे.” आणि बटाट्याच्या ताटलीकडे बोट दाखवलं. त्याला मी काय समजावणार? त्याच्या आठवणीत ना मिशन आहे, ना पडवी.

प्रवास सुरू झाल्यावर, २०२२च्या मे महिन्यात, आई पुण्याला आली. येताना ती वही घेऊन आली, “आता तुझ्याकडेच ठेव.” मी दोन्ही प्रकार करून तिच्यापुढे ठेवले आणि कुठला कुठला ते सांगितलं नाही. तिनं अंड्याचा एक घास घेऊन मान हलवली. मग बटाट्याचा अख्खा खाल्ला. “हा बरा आहे. मऊ आहे. पण डोनट नव्हे हा.”

“मग काय आहे?”

ती थोडा वेळ चघळत राहिली. “घारग्याच्या जवळ जातो. सासूबाईंच्या. त्यांचे असे आतून ओले असायचे.”

घारगे तिच्या वहीत आहेत का, म्हणून मी पानं उलटली. नव्हते. सगळी वही पाहिली. रेल्वेच्या त्या रजिस्टरात शेजारणींचे पदार्थ होते, मासिकातले होते, मिशनचे होते. बटाटे म्हणून अंडीसुद्धा होती. आजीचा एकही पदार्थ नव्हता.

“मागितली असती तर दिली असती त्यांनी,” आई म्हणाली. “मी मागितली नाही.”

तिनं पेन मागितलं. ४८व्या पानावर बटाट्याच्या जागी ती आता खरं लिहील, असं मला वाटलं. पण तिनं ते पान उलटलं आणि समोरच्या कोऱ्या पानावर, जरा थरथरत्या पण त्याच उभट अक्षरांत लिहायला सुरुवात केली. ‘घारगे (सासूबाईंचे). लाल भोपळ्याचा कीस २ वाट्या. गूळ १ वाटी. दोन्ही शिजवून. मीठ चिमूट. जायफळ. कणीक मावेल तशी.’

तिथे पेन अडलं.

“अगं, त्या खुसखुशीत व्हायला तांदळाची पिठी घालायच्या, की रवा?”

मी काय सांगणार? मी तर ते फक्त गाडीच्या खिडकीतून घेतलेले. मिरजेला भावाला फोन लावला, त्यालाही आठवेना. आईनं शेवटी दोन्ही लिहिलं, मध्ये एक तिरकी रेघ मारली, आणि वही माझ्याकडे सरकवली.